बिबड्यांचा डबा

टूथब्रशची दांडी मी निम्मी कापली तेव्हा आई दारातच उभी होती. एवढी गरिबी कधी आली, असा तिचा चेहरा. मी समजावलं: उद्या सकाळी अमळनेरहून सायकलवर तोरणमाळला निघायचं, वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही, तंबू, स्टोव्ह, पंक्चरचं सामान, सगळं आपलं आपणच वाहायचं. म्हणून वजनाची ही काटकसर. आईनं ऐकलं, मान हलवली आणि शेवेची पिशवी आणून बॅगेत ठेवली.

मी ती बाहेर काढली. मग ठेचा आला, दाण्याचे लाडू आले, थंडी वाजेल म्हणून गोधडी आली. गोधडीवर मी भडकले. माझा राग आईकडूनच आलाय, पण आज ती उलट बोलली नाही. एकेक वस्तू गुपचूप परत नेत राहिली. आमच्या आईसाहेब, बेबाबाई, भांडत नाहीत म्हणजे त्यांना काहीतरी मोठं मागायचंय, हे आमच्या घरात कुणीही ओळखेल.

शेवटी ती स्टीलचा पसरट डबा घेऊन आली. आत यंदाच्या उन्हाळ्यातल्या ज्वारीच्या बिबड्या, ताटाएवढे पातळ पापड.

"भाविका, तुना रस्ता शिरपूरवरूनच शे ना?"

शिरपूरला माझी मोठी मावशी राहते, आईची अक्का. माझ्या भावाच्या लग्नात मावशीच्या यजमानांना मानाचा टोपी-टॉवेल द्यायचा राहून गेला. ते न जेवता मांडवातून उठले आणि तेव्हापासून दोघी बहिणींचं येणं-जाणं, फोन, सगळं बंद. चूक आमचीच होती. पण माफी मागायला वाकावं लागतं, आणि सुंभ जळाला तरी आमच्याकडे पीळ जळत नाही. त्याआधी दर उन्हाळ्यात दोघी मिळून बिबड्या करायच्या.

कुरिअरनं पाठव, मी म्हटलं.

"कुरिअरवालाले ती परत धाडी दी," आई म्हणाली. "तुले कशी धाडी?"

हे मला पटलं. पण डबा बॅगेत काही बसेना. आडवा मावेना, आणि उभा केला तर बिबड्यांचा चुरा. चुरा घेऊन मावशीच्या दारात गेले तर नवीनच भांडण. सपाट जागा एकच होती, मागच्या कॅरिअरवर, आणि तिथे तंबू बांधलेला. आईनं ते पाहिलं. राहू दे म्हणाली आणि घट्ट बसलेलं झाकण उगाच पुन्हा दाबत राहिली. मला तिचा चेहरा बघवेना.

मी तंबूचे पट्टे सोडले.

"मंग झोपशी कोठे?"

"मावशीकडे."

आई पलंगावर टेकली. तिनं डबा मांडीवर घेतला.

"आन् तिनी घरमा लिधं नई तर?"

मी म्हटलं, तर रात्रभर तिच्या ओट्यावर बसेन. भाची ओट्यावर आणि मावशी आत, झोप लागेल का तिला?

आईनं विचारसुद्धा केला नाही. "नई लागनार," ती म्हणाली. "अक्का तशी नई शे."

इतकी वर्षं मावशीचं नाव निघालं की आई उठून स्वयंपाकघरात जायची. आज हे बोलली आणि तिला स्वतःलाच रडू कोसळलं. मला तिच्याबद्दल माया वाटली आणि रागही आला. एवढं माहीत होतं, तर दोघी इतकी वर्षं थांबल्या कशाला? मी तिच्या मांडीवरून डबा घेतला आणि कॅरिअरवर आवळून बांधला.