मंगळवारची मोजणी

आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती आणि थोरली सतराची. थोरलीने शिलाईचं मशीन पुढ्यात ओढलं, ते धाकटी इंजिनियर होऊन नोकरीवर रुजू झाली त्या दिवशीच बाजूला सारलं. मधल्या वर्षांत तिने गावातल्या निम्म्या बायकांचे कपडे बेतले आणि आलेली तीन स्थळं परतवली. चौथं आलं ते एका मोटार मेकॅनिकचं. "यंत्राशी बोलणारा माणूस आहे, माझ्याशी जमेल त्याचं," असं म्हणून ती हसतहसत लग्नाला उभी राहिली. आणि जमलंही. मूलबाळ झालं नाही, पण घर हसतं होतं.

मग सहा वर्षांपूर्वी भाऊजींची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दुखणं कधी एकटं येत नाही म्हणतात. दोन वर्षांपूर्वी थोरलीच्या मूत्रपिंडांनीही हात टेकले. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास शहरातल्या इस्पितळात मशीनला जोडून घ्यायचं. सकाळी सात दहाची बस, दुपारी अडीचची परतीची. तेवढ्या वेळात शेजारीण भाऊजींकडे बघायची. धाकटी दर महिन्याला म्हणायची, "ताई, दोघंही माझ्याकडे या." थोरली म्हणायची, "तुझ्या चौथ्या मजल्यावर ह्यांना कोण चढवणार? तुझी लिफ्ट तर वर्षातून तीनदा चालते. आणि माझी बस आहे ना!"

ती बस होती, हे खरं.

धाकटी ज्या कचेरीत होती तिथे रस्त्यांचे आणि बससेवेचे अभ्यास करून अहवाल लिहीत. अकरा माणसं, एक गळका माठ आणि भिंतभर नकाशा. त्या वर्षी नकाशावर शहरापासून बंदरापर्यंतचा शहाऐंशी किलोमीटरचा रस्ता लाल पेन्सिलीने रंगवलेला होता. रस्ता सहापदरी करायचा, आणि त्या पट्ट्यातल्या कोणत्या बसफेऱ्या ठेवायच्या, कोणत्या बंद करायच्या, तेही ठरवायचं. खरं म्हणजे सरकारला नुसता रस्ता हवा होता. बसचाही अभ्यास व्हावा म्हणून बैठकीत हट्ट धरला तो धाकटीने. "गाडीवाले सोडून बाकीची माणसंही त्या रस्त्यावर राहतात," असं ती ताडकन बोलली होती. तिचे साहेब, प्रकल्पप्रमुख, हसून म्हणाले होते, "ठीक आहे. बसचं सगळं तुमच्याकडे."

बसमधल्या प्रवाशांच्या मोजणीचा दिवसही तिनेच ठरवला. सोमवारी माणसं कामावर परततात, शुक्रवारी घरी निघतात, बुधवारी शहरात बाजार भरतो, त्यामुळे हे दिवस नेहमीचे धरायचे नाहीत, असा या धंद्यातला रिवाज. थोरलीचे दिवस नेमके तेच आहेत हे तिच्या डोक्यात आलं. एकदा वाटलंही, एक दिवस बाजाराचा घ्यावा का? पण लगेच दुसरा विचार आला की, आपल्या बहिणीसाठी दिवस फिरवला असं उद्या कुणी म्हणायला नको. आणि एक बाई म्हणजे एकच बाई. तिने आकडा कितीसा बदलणार? तिने कागदावर मंगळवार लिहिला आणि सही केली.

थोरलीच्या गावच्या फाट्याची मोजणी तिने दुसऱ्या कुणावर सोडली नाही. स्वतः तक्ता घेऊन बसमध्ये बसली. चौपन्न जागांच्या बसमध्ये तीन प्रवासी. एक कोंबड्यांची पाटी घेतलेला म्हातारा, एक परिचारिका आणि एक झोपलेला माणूस, जो कुठे उतरणार हे त्यालाही ठाऊक नसावं.

थोरलीच्या थांब्यावर बस थांबली तर थोरली स्वतः उभी. हातात चहाचा थर्मास.

"ताई, तू इथे?"

"तू उपाशीपोटी निघाली असशील, मला माहीत आहे. घे."

कंडक्टर मिश्कील होता. "चढवा त्यांना, मॅडम. तेवढाच तुमचा आकडा वाढेल."

"तसं चालत नाही हो," धाकटी हसली.

"आणि मला कुठे वेळ आहे," थोरली म्हणाली. "आज माझा दिवस नाही. ह्यांची आंघोळ व्हायचीय अजून."

बस निघाली. तक्त्यावर त्या थांब्यापुढे धाकटीने लिहिलं: चढले शून्य, उतरले शून्य. मागे वळून पाहिलं तेव्हा थोरली रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवत होती.

पाच महिन्यांनी अहवालाचा मसुदा तयार झाला. बंद करायच्या फेऱ्यांच्या यादीत सहावी ओळ त्याच फाट्याची होती. भारमान सहा टक्के. म्हणजे शंभर जागांत सहाच भरलेल्या. धाकटीने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कुणाला?

संध्याकाळी तिने थोरलीला फोन लावला. "ताई, तुझ्या दिवशी बसमध्ये कितीजण असतात गं?"

"सोमवारी? उभं राहायला जागा नसते. इस्पितळात बाह्यरुग्ण तपासणी असते ना त्या दिवशी. बुधवारी बाजारवाल्या बायका, पाट्यांवर पाट्या. शुक्रवारी आम्ही मशीनवालेच पाचजण. का गं?"

"काही नाही. सहज."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"आकडा चुकला आहे का?"

"नाही. आकडा बरोबर आहे."

"मग?"

"दिवस चुकलाय, साहेब. पुन्हा मोजायला हवं. बुधवारी, सोमवारी."

"एका फाट्यासाठी पुन्हा मोजलं तर बाकीचे एकोणीस फाटे काय म्हणतील? मसुदा मंत्रालयात गेलाय." मग त्यांनी विचारलं, "दिवस कुणी ठरवला होता?"

"मीच," धाकटी म्हणाली.

"तळटीप घाला," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "आणि जाहीर सुनावणी आहेच की. लोकांनी येऊन हरकत नोंदवली तर फेरी वाचते. अशा दोन वाचल्याचं मी पाहिलंय."

ती त्या आशेला लटकली. गावात फोन केले. थोरलीने आठ बायका गोळा केल्या, निवृत्त मुख्याध्यापकांनी अर्ज लिहिला, दोनशे अकरा सह्या आणि अंगठे झाले. सुनावणी गुरुवारी अकरा वाजता, शहरातल्या सभागृहात. सात दहाची बस साडेआठला पोचवते, म्हणजे वेळच वेळ.

पण त्या आठवड्यात रुंदीकरणाची खोदाई सुरू झाली होती. अहवाल मंजूर व्हायच्या आधीच. बस एका खडीच्या ढिगाऱ्यामागे अडकून पडली.

सभागृहात धाकटी मंचावर बसली होती, समोर तिच्या नावाची पाटी. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. पेट्रोलपंपवाले बोलले, गोदामवाले बोलले, एक वकील वीस मिनिटं बोलला. अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. "आणखी कुणाची हरकत?"

"साहेब," धाकटी म्हणाली, "एक बस यायची आहे."

सभागृहात हशा पिकला. अधिकारीही हसला. "मॅडम, बसची वाट बघायची तर मग आपण हा रस्ता कशाला करतोय?" आणि त्याने नोंदवही मिटली.

बायका आल्या तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते आणि शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. मुख्याध्यापकांनी अर्ज पुढे केला. "टपालाने पाठवा," शिपाई म्हणाला. थोरली दारातल्या पायरीवर बसली. तिचे पाय सुजले होते, चेहरा धुळीने भरला होता. धाकटीला बघून तीच म्हणाली, "अगं, रडतेस काय वेड्यासारखी? टपाल काय, टपालाने पाठवू."

टपालाने पाठवलं. उत्तर आलं: हरकत मुदतीनंतर मिळाली, सबब विचारात घेता येत नाही.

पहिल्या तारखेला फेरी बंद झाली. डेपोत काळ्या फळ्यावरची ओळ ओल्या फडक्याने पुसली, एवढंच.

धाकटीने स्वस्थ बसायचं नाही असं ठरवलं. बैल गेला आणि झोपा केला असं का होईना, पण काहीतरी करायला हवं होतं. तिने एक भाड्याची गाडी लावून दिली. दोन महिने ती नीट आली. मग रस्त्याच्या मधोमध दुभाजकाची भिंत उभी राहिली आणि गावातून शहराकडे वळायला गाडीला आधी सात किलोमीटर उलटं जाऊन परत यावं लागू लागलं. चालक कुरकुरू लागला, कधी उशिरा येऊ लागला, कधी येईचना. धाकटीने दुसरा बघितला. तो लग्नसराईत गायब झाला. तिसऱ्याने सांगितलं, फक्त सोमवारी जमेल.

फोनवर थोरली म्हणायची, "जाते गं मी. मुख्याध्यापकांचा पुतण्या सोडतो." आवाज नेहमीसारखा. धाकटी विश्वास ठेवायची, कारण ठेवावासा वाटायचा. एकदा म्हणाली, "ताई, खरं सांग." तेव्हा थोरलीने विषय बदलून विचारलं, "तू जेवतेस ना वेळेवर?"

एका शुक्रवारी दुपारी कचेरीत फोन वाजला. इस्पितळात मशीन लावणारी बाई बोलत होती. "तुमचा नंबर त्यांच्या कागदावर होता म्हणून केला. तुमच्या ताई दहा दिवस आल्या नाहीत. त्याआधीही आठवड्यातून एकदाच यायच्या. सगळं ठीक आहे ना?"

धाकटी तशीच उठली. गाडी करून दीड तासात गावात पोचली. थोरली खाटेवर उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की श्वास लागत होता. चेहरा ओळखू न येण्याइतका सुजलेला. शेजारच्या खाटेवर भाऊजी डोळे टक्क उघडे ठेवून तिच्याकडे पाहत होते.

"ताई, का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तू पुन्हा गाडी शोधत बसली असतीस." एक-एक शब्द ती उचलून ठेवत होती. "तुझी नोकरी आहे. अहवालावर तुझं नाव छापलंय ना? मुख्याध्यापकांनी दाखवलं मला. छान दिसतं."

शेजारीण आणि धाकटीने तिला उचलून गाडीत घातलं. शहराकडे जायचं तर आधी उलट्या दिशेला, सात किलोमीटर. समोर भिंतीपलीकडे शहराची बाजू होती, हाताच्या अंतरावर. मोकळी, काळीभोर, नवी. थोरलीचं डोकं धाकटीच्या मांडीवर होतं. वळणाच्या जागी ट्रकांची रांग लागली होती. चालक हॉर्न वाजवत होता, धाकटी खिडकीतून ओरडत होती, "जाऊ द्या हो, पेशंट आहे!" दोन ट्रक सरकले. तिसरा सरकायच्या आत थोरलीचा श्वास थांबला. धाकटीला ते लगेच कळलं नाही. ती आणखी थोडा वेळ ओरडतच राहिली.

सगळं उरकल्यावर ती एकदा कचेरीत गेली. साहेब उठून उभे राहिले. तिने विचारलं, "अहवालावरून माझं नाव काढता येईल?"

"छापून गेलाय," ते म्हणाले. मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "दुसरं पान कुणी वाचत नाही."

ती रजेचा अर्ज ठेवून गावी परतली. भाऊजींना आता तिच्याशिवाय होतंच कोण? पहिल्या दिवशी तिने मऊ भात कालवला, त्यांच्या पाठीला उशी दिली, चमचा तोंडाशी नेला. भाऊजींनी तोंड उघडलं नाही. तिला वाटलं, भूक नसेल. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही त्यांनी ओठ घट्ट मिटून मान भिंतीकडे वळवली. ज्यांना बोलता येत नव्हतं, त्यांच्याकडे सांगायला तेवढाच एक मार्ग उरला होता.

"भाऊजी, थोडं तरी घ्या," ती म्हणाली. "वाटल्यास मला शिव्या द्या मनातल्या मनात. पण घ्या."

भिंतीकडचा चेहरा हलला नाही.

शेवटी तिने शेजारणीला हाक मारली. शेजारीण पदराला हात पुसत आली, खाटेच्या कडेला बसली, तीच वाटी आणि तोच चमचा तिने हातात घेतला. भाऊजींनी तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते घास गिळत होते, एकामागून एक.

धाकटी उंबऱ्याबाहेर जाऊन बसली. आत चमचा वाटीवर वाजत होता. तो थांबेपर्यंत तिला आत जाता येणार नव्हतं, आणि थांबल्यावर आत जाऊन काय करायचं, हेही तिला कळत नव्हतं.