विज्ञानाच्या पुस्तकावरचे डाग

"पुस्तक असंच मिळालं होतं आम्हाला. एक पैसा देणार नाही," लाँड्रीवाली तावातावाने म्हणाली. आठवीतल्या लेकीला शाळेने दंड लावला होता. विज्ञानाचं पुस्तक खराब, भूगोलाचं गहाळ.

ग्रंथपालबाईंनी पुस्तक उघडून पुढे सरकवलं. "देताना पानन् पान तपासतो आम्ही. चहा सांडला, म्हणते तुमची मुलगी."

लाँड्रीवालीने डाग नखाने खरवडला. तपकिरी भुकटी निघाली. वीस वर्षं ती लोकांचे डाग काढत होती. हे रक्त होतं. पुस्तकाचा कोपरा चेपलेला होता. गेल्या आठवड्यात लेकीच्या भुवईवर खोक पडली होती. जिन्यात घसरले, म्हणाली होती पोरगी.

ती तडक घरी आली. नवरा पंख्याखाली लोळत होता, मुलगी गृहपाठ करत होती.

"पुस्तकाने मारलंस हिला?" लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याला एकेरीत विचारलं.

"उलट बोलत होती. दुसरं तर मी खिडकीतून भिरकावलं." तो उठून बसला. "तुलाही हवंय का?"

"आई, जाऊ दे ना," मुलगी कुजबुजली.

"दप्तर भर. मावशीकडे जायचंय."

त्याने बायकोच्या झिंज्या धरल्या आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिसऱ्यांदा आपटायच्या आत तिने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. तो किंचाळत मागे सरला. तिने मुलीला बाहेर ढकललं, मागोमाग स्वतः निघाली. ती दार ओढत असताना त्याने फटीत हात घातला. तो तिने पाहिला, आणि पाहूनच सगळा जोर लावून दार ओढलं. बोटं मोडल्याचा आवाज जिन्यात ऐकू आला. खाली पोचल्यावर पायरीवर बसून ती ओकली.

मावशी दोघींना घेऊन पोलीस चौकीत गेली. टेबलामागचा पोलीस लाँड्रीवालीचं सुजलेलं कपाळ पाहून म्हणाला, "नवऱ्याचा फोन आला होता. तीन बोटं मोडलीत म्हणे तुम्ही."

"मोडली. लिहून घ्या. मग पोरीचं लिहा."

लिहायला दीड तास लागला. मुलीने सगळं स्वतःच सांगितलं, मध्ये एकदाच पाणी मागितलं.