फिटच्या रकान्यातलं 'नाही'

'यापूर्वी कधी फिट आली होती का?' या प्रश्नापुढे मी बेधडक 'नाही' लिहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ बाथरूममध्ये तोंडाला फेस येऊन पडला होता आणि मीच त्याला कुशीवर वळवलं होतं. पण 'हो' लिहिलं असतं तर त्याला नैराश्यावरच्या या संशोधनात घेतलंच नसतं. नियम करणाऱ्यांच्या घरी असा भाऊ नसतो. दीड वर्ष तो भिंतीकडे तोंड करून पडलेला, चार तऱ्हेच्या गोळ्या वाया गेलेल्या, आणि बाल्कनीच्या दाराला मी घातलेलं कुलूप. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "तुला हवं ते कर, ताई."

म्हणून मी मला हवं ते केलं आणि उपचाराच्या पहिल्या दिवशी त्याला इस्पितळात घेऊन आले.

टेक्निशियनबाईंनी त्याला आरामखुर्चीत बसवलं, कानात बोळे घातले, डोक्यावर चुंबकाचं जाड कडं टेकवलं. टक्. पुन्हा टक्. दर टोल्याला त्या त्याच्या अंगठ्याकडे बघत आकडा वाढवत होत्या.

"अंगठा हलला की किती ताकद लावायची ते कळतं," त्या मला म्हणाल्या. "मग कडं पुढे सरकवायचं आणि तीन हजार टोले. कुणाला खरे मिळतात, कुणाला नुसता आवाज. ते आम्हालाही कळत नाही."

"आणि फिट आली तर?"

"क्वचितच येते. म्हणून तर आधी खोदून खोदून विचारतो."

कालपर्यंत मी देवाकडे खरे टोले मागत होते. आता नुसता आवाजच निघू दे, म्हणून त्यालाच विनवू लागले.

टक्. अंगठा टुणकन उडाला. बाईंनी आकडा लिहून घेतला, कडं कपाळाच्या डाव्या बाजूला सरकवलं आणि बटणाकडे हात नेला.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतून डॉक्टर धावत आल्या. "त्याला फिट आली होती. मी खोटं लिहिलं. हवं तर मला शिव्या द्या, पण ते बंद करा."

डॉक्टरांनी शिव्या दिल्या नाहीत. कडं बाजूला झालं. "या संशोधनात आता यांना घेता येणार नाही," त्या एवढंच म्हणाल्या.

भावाने कानातले बोळे उपटून फेकले.

"कुणी सांगितलं होतं तुला तोंड उघडायला?" दीड वर्षात त्याचा आवाज असा चढलेला मी ऐकला नव्हता. "त्यांनी मला तीनदा विचारलं, ताई. तीनदा मी नाही म्हणालो. तू सांगून टाकशील म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता."

"पण तू का खोटं बोललास?"

"मला बरं व्हायचंय म्हणून!"

याला मीच फरफटत आणतेय, असा तोरा मी आठवडाभर मिरवत होते. हा तर जीव धोक्यात घालून स्वतःच्या पायाने आला होता. मला रडू आवरेना.

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून तो डॉक्टरांकडे वळला.

"मग माझ्यासाठी दुसरं काय आहे ते सांगा," तो म्हणाला. "ऐकल्याशिवाय मी उठणार नाही."