नंबर प्लेटसकट

गाडीची पुढची काच बदलायला अडुसष्ट हजार लागतात हे ऐकून गिरिजाला आधी हसूच आलं. काचेच्या वरच्या बाजूला, आरशामागे एक कॅमेरा असतो. तो काढून पुन्हा नेमका बसवायचा आणि मग गाडीला नव्या काचेतून रस्ता बघायला शिकवायचं, असं शोरूमच्या माणसानं समजावलं. इलेक्ट्रिक गाडीचं सगळंच नाजूक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय! पण पैसे विमा कंपनी भरणार होती, गिरिजाच्या पर्समधून फक्त दोन हजार जायचे होते. क्लेम तर एका दिवसात पास झाला.

"भिया ने क्या फोटो खींचे हैं, भाभीजी," शोरूमचा माणूस स्क्रीनकडे बघत म्हणाला. "पास से भी, दूर से भी, नंबर प्लेट के साथ. सब ऐसे देने लगें तो हमारा काम ही आसान हो जाए."

फोटो काढणारा भिया म्हणजे तिचा नवरा ज्ञानदीप. त्याला जाऊन सहा महिने झाले होते, आणि तो गेला तो हे फोटो काढतानाच.

ऑक्टोबरातला गुरुवार होता. धुळ्याहून भाचीचा साखरपुडा उरकून तो एकटाच इंदूरला परत येत होता. बिजासनच्या घाटात पुढच्या डंपरमधून दगड उडाला आणि काचेच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग पडला, त्यातून वीतभर रेघ निघाली. ज्ञानदीपनं गाडी कडेला घेतली, खाली उतरला, तीन फोटो काढले, आणि वळणावरून आलेल्या टेम्पोनं त्याला उडवलं. गाडीला दुसरा एक ओरखडासुद्धा नव्हता.

ही हकीगत त्यांच्या सगळ्या स्नेहलतागंज मोहल्ल्याला पाठ होती. गिरिजानं कुणाला सांगितली नव्हती ती एवढीच गोष्ट, की खाली उतरण्याआधी त्यानं तिला फोन केला होता. "काच गेली यार," तो म्हणाला होता. "घरी येऊन बघतो." आणि ही शहाणी म्हणाली होती, "नाही हं, आत्ताच फोटो काढ. नंतर क्लेमच्या वेळी तिथंच घोडं पेंड खातं." तो हसला होता. ते हसणं अजून तिच्या कानात होतं, आणि त्याचा मोबाईल तिच्या उशाशी. दर अठ्ठावीस दिवसांनी ती त्या नंबरचा रिचार्ज करायची. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

काच बदलली शनिवारी. पुढच्या गुरुवारी दुपारी ती भाजी निवडत असताना ज्ञानदीपचा मोबाईल वाजला. टोल कापल्याचा मेसेज होता. गाडीचा नंबर त्यांचाच. सेंधव्याचा टोल, चार वाजून दहा मिनिटं.

गिरिजा उठून पोर्चमध्ये गेली. गाडी जागेवरच होती, नवी काच लखलखत होती. टोलचा टॅग जुन्या काचेला चिकटलेला होता, तो त्या काचेबरोबरच गेला. तो टॅग काढता येत नाही, काढायला गेलं की फाटतो, हेही त्या शोरूमच्या माणसानं सांगितलं होतं.

संध्याकाळी मैत्री ऑफिसातून आली. लेक हुशार, तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं. "मम्मी, सिंपल आहे. कोणीतरी टॅग निकालून दुसऱ्या गाडीला चिपकवलाय. जुनी काच कुठं गेली ते पूछ."

सोफ्यावर बसलेल्या भाऊरावांनी डायरी उघडली आणि तारीख, वेळ, ठिकाण लिहून घेतलं. गिरिजाचे सासरे महूला लष्कराच्या सिग्नल कोअरमधून सुभेदार म्हणून रिटायर झाले होते. वय अठ्ठ्याहत्तर, कणा अजून ताठ. मुलगा गेला तेव्हा घरी बौद्ध रीतीनं परित्राण पाठ झाला. पिंड नाही, कावळा नाही, तेरावं नाही. शेजारच्या कुणी काही सुचवलं तर भाऊराव म्हणायचे, "आमच्यात गेलेला माणूस गेला. त्याला घास लागत नाही." म्हणताना आवाज जराही हलायचा नाही, आणि गिरिजाला त्याचा कधी आधार वाटायचा, कधी भयंकर राग यायचा.

शोरूमनं जुनी काच मल्हारगंजच्या एका भंगारवाल्याकडे दिली होती. दुसऱ्या गुरुवारी शाळेतून सुटल्यावर गिरिजा तिकडे गेली, ज्ञानदीपचा मोबाईल पर्समध्ये घेऊन. ती शाळेत गणित शिकवायची, तेव्हा तिचाही जीव मैत्रीच्याच उत्तराकडे ओढत होता. चोर सापडला असता तर तिनं त्याला पेढे दिले असते.

भंगारवाल्यानं तिला मागच्या गाळ्यात नेलं. तुटक्या दारांच्या मागे काच भिंतीला टेकवून ठेवली होती. डाव्या कोपऱ्यातला रुपयाएवढा डाग तिनं लगेच ओळखला, आणि वर मधोमध टॅग होता तसाच चिकटलेला, एक कोपराही न उचकटलेला.

"इसको किसने हाथ लगाया?" तिनं विचारलं.

"किसी ने नहीं, मैडम. गाड़ी की ऐसी काच कौन लेता है? आई तब से यहीं खड़ी है."

गिरिजानं पर्समधून घराची किल्ली काढली आणि टॅग खरवडला. आडवा, उभा, पुन्हा आडवा. त्यातली चंदेरी तार तुटून किल्लीला चिकटली, कागदाचे कपटे तिच्या चपलेवर पडले. हात थांबला तेव्हा तिला धाप लागली होती. आणि पर्समध्ये ज्ञानदीपचा मोबाईल वाजला.

खलघाटचा टोल. पाच वाजून दहा मिनिटं. शिल्लक बावीस रुपये.

त्या कोंदट गाळ्यात तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. काचेत तिचं स्वतःचं अंधुक रूप दिसत होतं, आणि त्याच्या मागे दुसरं कुणी दिसेल या भीतीनं तिनं डोळे मिटून घेतले. तशीच चाचपडत ती बाहेर रस्त्यावर आली.

घरी तिनं सगळं सांगितलं. मैत्रीनं लगेच दुसरं उत्तर शोधलं. "सिस्टमचा लोचा असेल. आणि बॅलन्सच बावीस आहे ना? पुढच्या टोलला पैसे पुरणार नाहीत. आपोआप बंद पडेल. टेन्शन नको घेऊस."

भाऊरावांनी डायरी पुढे सरकवली. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "बेटा, इकडे बघ. घाटात झालं ते पावणेचारला. सेंधवा चार दहा. खलघाट पाच दहा. तारखा वेगळ्या आहेत, पण घड्याळ एकच आहे."

गिरिजानं आकडे पाहिले. गणिताच्या बाईला दुसऱ्यांदा पाहावे लागले नाहीत. घाटात थांबलेली गाडी पुढे निघाली असती तर याच वेळांना ते टोल लागले असते. आता राहिला होता एकच, महूच्या बाहेरचा. त्यानंतर चाळीस मिनिटांत घर.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. टॅगचा रिचार्ज करणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. पण तो येऊन काय म्हणेल? सहा महिने तिला तो हवा होता, दिवसाच्या प्रत्येक तासाला हवा होता. आता तो दर गुरुवारी एक टोल जवळ येत होता आणि तिला घाम फुटत होता. तो दारात उभा राहील आणि विचारेल, फोटो काढायला का लावलास गं? याला तिच्याकडे काय उत्तर होतं? आणि आपण पिंड ठेवत नाही, मग हा रिचार्ज तरी दुसरं काय आहे? नकोच. टोलची दांडी काही आपण धरलेली नाही. पैसे नाहीत तर ती उचलली जाणार नाही, आणि तो तिथून मागे फिरेल. असं तिनं ठरवलं आणि स्वतःची तिला लाज वाटली.

गुरुवारी दुपारी तिनं मुद्दाम त्याचा मोबाईल कपाटात ठेवला. चार वाजता कपाटातून आवाज आला. तिनं दार उघडलं. टोलचा मेसेज नव्हता. टॅगमध्ये पाचशे रुपये जमा झाल्याचा मेसेज होता.

ती धावत बाहेर आली. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोबाईलच्या दुकानातून भाऊराव काठी टेकत येत होते. दाढी गुळगुळीत केलेली, शर्टाला इस्त्री, बुटांना पॉलिश.

"पाचशेचा टाकला," ते म्हणाले. "दुकानवाल्याला गाडीचा नंबर दिला, झालं."

"बाबा, तुम्ही? तुम्ही तर मानत नाही."

"नाही मानत. आजही नाही मानत." ते पायरीवर बसले. "पण गार्ड ड्युटी केलीय ना मी. आपला माणूस गेटवर आला तर त्याला बाहेर खडा नाही ठेवायचा. एवढंच." मग ते पोर्चकडे बघत म्हणाले, "गाडी बाहेर काढ. जागा लागेल."

गिरिजानं गाडी काढून गल्लीत लावली. परत येऊन ती त्यांच्या शेजारी पायरीवरच बसली आणि सहा महिने गिळलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "बाबा, त्याला फोटो काढ म्हणून मी सांगितलं होतं. तो नाही म्हणत होता. मी उतरवलं त्याला."

भाऊरावांनी काठी बाजूला ठेवली.

"तुझ्यानंतर त्यानं मला फोन केला होता," ते म्हणाले. "बोलला, दोन फोटो घेतले, निघतो आता. मी बोललो, असं नाही चालत, बेटा. जरा पीछे हो. लांबून एक घे. नंबर प्लेटसकट."

एवढं बोलून त्यांचा आवाज मोडला. ताठ कण्याचा तो म्हातारा गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखा रडला. गिरिजानं त्यांचा हात धरला आणि तीही रडली. घरातली दोन माणसं सहा महिने एकाच ताटात जेवावं तसं एकच दुःख खात होती, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

सहा वाजून पाच मिनिटांनी मोबाईल वाजला. महूच्या बाहेरचा टोल कापला गेला होता.

भाऊरावांनी डोळे पुसले, उठून गेट सताड उघडलं आणि बाजूला सरळ उभे राहिले. गल्लीत मुलं क्रिकेट खेळत होती. कुणाच्या तरी घरी पोह्यांची फोडणी बसली. पावणेसात झाले. मुलांचा चेंडू घरंगळत गेटसमोर आला आणि तो आणायला कुणीच पुढे झालं नाही. सगळी तिथेच थबकून रिकाम्या पोर्चकडे बघत राहिली.

ज्ञानदीपची एक सवय होती. घरी आला की बूट काढायच्या आधी तो गाडी चार्जिंगला लावायचा. पोर्चच्या भिंतीवरच्या चार्जरनं टक् असा आवाज केला आणि त्याचा हिरवा दिवा निळा झाला. निळा दिवा फक्त गाडी जोडल्यावर लागतो. गिरिजा हललीसुद्धा नाही. तिला भीती वाटत होती आणि तरी तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

भाऊरावांनी गेट लावलं, हळूच, आत कुणी थकून आलेलं असताना लावतात तसं.

तेव्हापासून त्यांची गाडी गल्लीतच उभी असते. परवा समोरच्या दिवाकर भियांनी गिरिजाला हटकलं. "भाभीजी, पोर्च पूरं रिकामं पडलंय आणि एवढी महागाची गाडी बाहेर? एखाद्या दिवशी पोरं काच फोडतील. मेरेको तो बघूनच टेन्शन येतं."

"पोर्चमध्ये जागा नाही, भिया," गिरिजा म्हणाली. "आणि काच फुटली तर फुटू द्या, ती बदलून मिळते. फक्त तुम्ही रस्त्यात उभं राहून फोटो काढू नका."