मूळपुरुषाला हाक

स्वेयुनने मुळ्याची चकती मिठात दाबली आणि दाराकडे ओझरतं बघून म्हणाली, "तंगडी खाली ठेव दादा. हात दुखतील."

रुनथ्येन तिचा चुलतभाऊ, क्वांग कुळाचा प्रमुख. डुकराची खारवलेली तंगडी, वर दारू! अडचणही तेवढीच जड असणार, हे तिने ताडलं. उद्या पितरांची हिवाळी पूजा होती. मूळपुरुषाला नावाने हाक मारल्याशिवाय पितर जेवायला येत नाहीत, आणि त्या नावाचं चित्रासारखं अक्षर वाचणारा शेवटचा माणूस, स्वेयुनचा बाप, वसंतातच गेला होता. दरवर्षी तो हाक ओठांतल्या ओठांत मारायचा, इतरांच्या कानी ती कधी पडली नव्हती.

"शहरातल्या पंडितांना फोटो पाठवला. कोशात अक्षर आहे, उच्चार नाही."

"अर्थ तरी लागला का?"

"वर पाणी, खाली दोन हात. मूळपुरुष पूर पोहून आला."

"पोहतोय कसला! बुडत होता. त्याला ओढून काढणारे हात बायकोचे आहेत. तेवढंच तुम्ही गाळता."

रुनथ्येनने दारू तिच्यापुढे सरकवली. "काकांनी उच्चार तुला सांगितलाय. सांगून टाक ना, बाई."

तिने सुरी पुसली. याच्याच बापाने तिच्या आईच्या नावाची पाटी पितृमंदिरातून काढून चुलीत घातली होती. मुलगा न देणाऱ्या बाईला पितरांच्या पंगतीत जागा कसली, म्हणाला होता. तो धूर स्वेयुनच्या नाकातून अजून गेला नव्हता.

"आईची पाटी परत बसव."

"तेवढं सोडून माग. मंडळी पेटतील."

"मग उच्चार आधी मिळायचा नाही. उद्या मंदिरात हाक मी मारीन, तुम्ही मागून म्हणा."

दुसऱ्या दिवशी पितृमंदिराचा उंबरा पहिल्यांदाच एका बाईने ओलांडला. पुरुष गुडघ्यांवर बसले होते. स्वेयुनने उदबत्त्या खोचल्या.

"न्यान!"

"न्यान! या, जेवायला या!" सगळ्यांनी कपाळं फरशीला टेकवली. रुनथ्येनचा आवाज सगळ्यांत मोठा. त्याचे डोळेही भरून आले.

बाहेर बायका सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या. स्वेयुनच्या आजोळची थाओमावशी सोलता सोलता थांबली. स्वेयुन बाहेर येताच तिने तिची बाही धरली.

"अगं, हे तर तुझ्या आईचं माहेरचं नाव!"

आत रुनथ्येन, पुढच्या वर्षी विसरायला नको म्हणून, मंडळींकडून उच्चार घोकून घेत होता.

"हळू बोल, मावशी," स्वेयुन म्हणाली. "आई जेवतेय."