राहून गेलेलं घर

"डावीकडे घे," डिर्क भावोजी म्हणाले.

मी लगाम खेचला, पण घोडं वळवलं नाही. डावीकडे ओढ्यापलीकडे एकच घर होतं, होल्स्टेनांचं. त्या घराशी आमचं बोलणं तेवीस वर्षं बंद होतं.

"तिकडे मेटा राहते, भावोजी."

"कोण राहतं ते मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतोय."

"आणि तिने दारातून हाकललं तर?"

"तर हाकलेल. तू गाडी वळव."

माझ्या आन्केचं लग्न पुढच्या गुरुवारी होतं. ती इंग्रजीत छापलेली कार्डं पोस्टाने धाडणार होती. आमची माणसं ज्या देशातून इथे आली, त्याच्याशीच इथल्या सरकारचं युद्ध झालं; त्यात आमची भाषा रस्त्यावर बोलायची सोय राहिली नव्हती, तेव्हापासून पोरांना घरातसुद्धा तिची लाज वाटायला लागली होती. पण भावोजी हटून बसले. आन्केचे ते सख्खे काका, आणि चाळीस वर्षं या भागातल्या प्रत्येक लग्नाचे बोलावणारे. एरवी ते घोड्यांचं सामान शिवायचे, दिवसाकाठी दहा शब्दसुद्धा बोलायचे नाहीत. लग्न निघालं की मात्र काठी घेऊन, टोपी घालून घरोघरी जायचे आणि दारात उभं राहून यमकं जुळवलेलं बोलावणं खणखणीत म्हणायचे. घरधनीण टोपीला रंगीत फीत टाचायची, एक पेला हातात द्यायची. फीत लागली म्हणजे बोलावणं पोचलं. न बोलावता लग्नाला जाणाऱ्याला आमच्यात दारातलं कुत्रंही विचारत नाही.

यंदा गुडघ्यांमुळे त्यांना घोड्यावर बसवेना, म्हणून गाडी मी हाकत होते. नवरीच्या आईने उतरायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही, असा नियम. न उतरणं ठीक होतं. तोंड मिटून बसताना मात्र माझा जीव जात होता.

ओढ्याच्या उतारावर भावोजी समोर बघतच म्हणाले, "ट्रीना, तुझ्या लग्नाच्या वेळी मी इकडे आलोच नव्हतो."

मी घोडं थांबवलं.

"घरं पुष्कळ झाली होती. घरटी एक पेला. तेव्हा काही सरकारने दारूबंदी केलेली नव्हती. घोड्यावरच डोळा लागला. ते बिचारं आपलं तबेल्याच्या वाटेला लागलं. जाग आली तेव्हा मी घरच्या अंगणात. म्हटलं, एक घर राहिलं तर राहिलं. मग तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडातून गेलं, की गेलो होतो, पण दाराला कडी होती."

"तेवीस वर्षं, भावोजी? तुमच्या भावाला तरी सांगायचं होतंत."

"योहानला सांगायचं रोज ठरवायचो. मग तोच गेला."

चाबूक घोड्याऐवजी त्यांच्या पाठीवर ओढावा, इतका संताप आला मला. पण मी तरी कुठली धुतल्या तांदळासारखी? मेटा माझी जिवाची मैत्रीण. लहानपणापासून आम्ही एका बाकावर बसलेल्या, एकीचं गुपित दुसरीच्या पोटात. ती शपथेवर सांगत होती, की दिवसभर ओसरीवर फीत घेऊन बसले होते, कोणी आलं नाही. आणि लग्नानंतरच्या रविवारी, चर्चच्या पायरीवर चार बायकांसमोर मी म्हणाले होते, "मेटा खोटारडी आहे. तिला यायचंच नव्हतं."

मी गाडी पुढे काढली.

मेटा अंगणात कपडे वाळत घालत होती. केस पांढरे झाले होते, पण चिमटे दातात धरायची सवय तीच. गाडी बघून तिने चिमटे खिशात टाकले आणि हात पुसत फाटकाशी आली. माझ्याकडे बघितलं नाही. भावोजी कण्हत उतरले, काठी जमिनीवर आपटली आणि सुरू झाले,

"आलो दारी, टेकली काठी,
शुभ सांगावा तुमच्यासाठी..."

"थांबा, डिर्कदादा," मेटा म्हणाली. "हे लग्न कोणाचं?"

"आन्केचं. योहानच्या लेकीचं."

"त्याच्या आधीचं एक बोलावणं यायचंय माझ्याकडे. आधी ते म्हणा. मग हे."

भावोजींनी टोपी काढली. "मेटा, मी त्या दिवशी आलो नाही. खोटं बोललो."

"ते मला माहीत आहे हो. मी इथेच बसले होते. तुम्ही बोलावणं म्हणा."

भावोजींनी टोपी पुन्हा घातली, नीट बसवली. क्षणभर मला वाटलं, यांना आठवायचं नाही. पण शिवणाऱ्या माणसाचा टाका चुकत नाही तसं सगळं त्यांच्या तोंडी होतं. आमच्या भाषेत, त्या उघड्या रस्त्यावर गेल्या तीन वर्षांत कोणी बोललं नसेल इतक्या मोठ्याने, ते म्हणायला लागले,

"आलो दारी, टेकली काठी,
शुभ सांगावा तुमच्यासाठी.
ब्रुन्सांची ट्रीना, आमचा योहान,
गुरुवारी यावे थोर-लहान.
सुरी-काटा आपला आणा,
नाचायाला पाय धड आणा!"

योहानला जाऊन तीन वर्षं झाली होती. कबरीवरचा दगडसुद्धा मी स्वतः निवडला होता. तरी त्याचं नाव असं नवऱ्या मुलासारखं पुकारलेलं ऐकलं आणि मला रडू आवरेना. रुमालाने तोंड पुसत बसले झालं.

मग त्यांनी आन्केचं बोलावणं म्हटलं. मेटा घरात गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हातात दोन फिती होत्या. दोन्ही तिने टोपीला टाचल्या आणि भावोजींच्या हातात ताकाचा पेला दिला.

"नवरीच्या आईला सांगा," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मी येणार. बटाट्याचं सॅलड करून आणणार. तिला ते आजवर कधी जमलेलं नाही."

नियम गेला चुलीत. मी उतरले.

"मेटा, चर्चच्या पायरीवर मी तुला खोटारडी म्हणाले होते."

"मी मागेच उभी होते, ट्रीना. ऐकलंय."

"चुकलं माझं."

तिने माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता हाकलणार.

"जाडी झालीस," ती म्हणाली. "बस गाडीत. एवढी घरं राहिलीत, आता आणखी एखादं राहायला नको."

त्या दिवशी एकही घर राहिलं नाही. संध्याकाळी आन्के टोपीवरच्या फिती सोडवून आपल्या पेटीत ठेवत होती. लाल, हिरव्या, पिवळ्या, सगळ्या कोऱ्या. एक मात्र रंग उडून राखाडी झालेली. घडीच्या आत तेवढी निळी राहिली होती, आणि टाचणी कधीची टोचून ठेवलेली असावी, तिच्या गंजाचा डाग फितीवर पडला होता.

"ही कुठल्या घरची गं? इतकी जुनी?" आन्के म्हणाली. "टाकून देऊ?"

"आण इकडे," मी म्हटलं. "ती माझ्या लग्नातली आहे."