थडग्यातली मागणी

माझा नवरा मुतलक थडग्यात जन्मला, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या नबाती लोकांतल्या कुण्या धनवंताने आपल्या घराण्यासाठी डोंगर कोरून ते थडगं केलं होतं. ते लोक कधीच गेले. मग आम्हा बदूल टोळीच्या लोकांनी तिथे चुली मांडल्या आणि त्याला गुहा म्हणू लागलो. माझंही बालपण दरीपलीकडच्या तसल्याच गुहेत गेलं. पुढे सरकारने आम्हाला नव्या वस्तीत सिमेंटची घरं दिली. मुतलकचा जीव मात्र अजून तिथेच अडकलाय.

आमच्या लेकीला, मिझनाला, मागणी घालायला अकाब्याहून राकानची माणसं येणार असं ठरलं, तेव्हा हा अडून बसला.

"मागणी व्हायची तर माझ्या गुहेत. सिमेंटच्या घरात मी पोर देणार नाही."

"अरे, चढता चढता त्यांच्या म्हाताऱ्यांची कंबर मोडेल!"

"मोडू दे."

मी काय त्याला आज ओळखते? लेक दूर समुद्राकाठी जाणार, हे त्याला सोसत नव्हतं. ते तोंडाने कबूल करायचं नाही, म्हणून अटी घालत बसला. आणि इकडे मिझना राकानचं नाव निघालं की लाजून लाल. मी म्हटलं, घाल बाबा काय अटी घालायच्यात त्या.

आता तिथे चूल पेटवायला सरकारची बंदी. म्हणून कॉफी घरीच कुटली, उकळली नि थर्मासात भरली. गाढवावर सतरंज्या लादून आम्ही वर गेलो. आत पाऊल टाकलं आणि मला भरूनच आलं. छतावर माझ्या सासूच्या चुलीची काजळी अजून तशीच होती. जिथे नबाती लोक आपली माणसं निजवायचे आणि पुढे सासूबाई पिठाची पोती ठेवायच्या, त्या आतल्या कोनाड्यात आम्ही बायका पडदा लावून बसलो. मिझनाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

पाहुणे घामाघूम होऊन पोचले. आता मागणीचा आमचा रिवाज असा, की पहिला पेला पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्याला द्यायचा. त्याने तो न पिता खाली ठेवायचा आणि म्हणायचं, आमचं मागणं पुरं झाल्याशिवाय ही कॉफी पिणार नाही. यजमानाने म्हणायचं, प्या, दिलं. त्याआधी कॉफी घशाखाली गेली की मागणं संपलं, मग ती नुसती भेट.

मुतलकने पेला राकानच्या काकांच्या, सुवैलिमच्या हाती दिला. आणि त्या बाबाने तो गटकन पिऊन टाकला! वर पेला पुढे करून म्हणतो कसा, "वा! आणखी घाला."

राकानने कपाळाला हात लावला. मग सुवैलिमकाकांच्या डोक्यात उजेड पडला.

"अरे देवा! चढणीने जीव नुसता तहानला होता हो..."

मुतलकचा चेहरा असा काही खुलला म्हणता! "अहो, चुकलं कुठे? भेटायला आलात, आनंद झाला. आता जेवूनच जा."

"मुतलकभाऊ, दुसरा पेला घेऊन मागतो ना."

"छे छे, रिवाज म्हणजे रिवाज. पुढच्या वर्षी बघू."

मिझनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा पेला हातात तसाच भरलेला होता. मी पडदा सारला, भर पुरुषांत गेले आणि पेला मुतलकसमोर ठेवला.

"माझं मागणं पुरं झाल्याशिवाय मी ही कॉफी पिणार नाही."

"नौफा, वेड लागलं का? तू घरची. घरचं माणूस मागणं घालतं होय?"

"घरची मी तिकडे सिमेंटात. ही गुहा तुझी, जगभर सांगत फिरतोस ना? मी दरीपलीकडची. इथे मी पाहुणी."

सुवैलिमकाका आधी हसले, मग सगळेच. मुतलक मात्र छतावरच्या काजळीकडे बघत राहिला. आपल्या आईच्या चुलीजवळून पाहुणी तशीच परत पाठवायची? त्याच्या मनात तेच चाललं होतं, मला दिसत होतं.

"अकाबा लांब आहे गं," तो हळूच म्हणाला.

"तुझी आई मला मागायला आली, तेव्हा माझा बाप काय म्हणाला आठवतं? मुतलकची गुहा फार लांब आहे. आणि मधे होती एवढीशी दरी!"

मग त्यालाही हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसले, पेला उचलला आणि माझ्या हातात दिला.

"पी बाई. दिलं."

कोनाड्यातून बायकांनी आनंदाची अशी आरोळी ठोकली की बाहेर गाढव बिथरलं. मिझना पडद्याआड माझ्या बहिणीच्या गळ्यात पडून रडत होती की हसत होती, देव जाणे.

कॉफी पार निवली होती. मी एका घोटात संपवली, पेला परत भरला आणि सुवैलिमकाकांपुढे धरला.

"घ्या काका. आता हवी तेवढी प्या."